परक्या पंगतीत बसताना



आपल्या धर्मग्रामातील एका तरुणाने गेल्या महिन्यात मिस्सा आटोपल्यावर आम्हाला एक प्रश्न विचारला. तो एका कोरियन कंपनीत नोकरीला लागला आहे. वर्षातून दोन-तीन वेळा साहेब मंडळी सगळ्या खात्याला कोरियन हॉटेलात जेवायला नेतात. तिथे टेबलावरच मांस भाजायचे, काड्यांनी खायचे, साहेबांनी ओतलेला पेला दोन्ही हातांनी घ्यायचा. तो म्हणाला, "फादर, नाही म्हटले तर साहेबांचा अपमान होतो आणि खाल्ले तर घरचे विचारतात, तिथे कसले कसले खातोस? मी वागायचे तरी कसे?"

कोणी म्हणेल, हा काय रविवारच्या पत्रिकेचा विषय आहे? आम्हाला वाटते, आहे. माणसे एकमेकांच्या जवळ येतात ती ताटावर, आणि दुरावतात तीही ताटावरच. कोणाच्या हातचे खायचे आणि कोणाच्या हातचे नाही, यावर आपल्या देशात हजारो वर्षे माणसाची किंमत ठरत आली. म्हणून परक्या पंगतीत नवख्याने कसे बसावे हा प्रश्न केवळ रीतिरिवाजाचा नाही, तो नीतीचाही आहे.

कोरियन माणूस आता आपल्याला फार दूरचा राहिलेला नाही. आपल्याच रायगड जिल्ह्यात, माणगाव तालुक्यातील विळे-भागाड येथे, पोस्को या कोरियन कंपनीचा पोलादाचा कारखाना २०१२ साली सुरू झाला. पुण्याजवळ रांजणगावला एलजी कंपनी त्याही आधी, २००४ साली आली. कामासाठी माणसे आली आणि त्यांच्यामागोमाग त्यांची चूलही आली. पुण्या-मुंबईत कोरियन खाणावळी उघडल्या त्या अशा. शिवाय जागतिक युवा दिनाचा २०२७ चा मेळावा सोल येथे भरेल, असे पोप फ्रान्सिस यांनी २०२३ साली लिस्बनमध्ये जाहीर केले होते. तेव्हा आपल्या मुलामुलींवर या पंगतीत बसण्याचा प्रसंग येणारच.

या पंगतीची मांडणी कशी असते ते आधी समजून घेऊ. टेबलाच्या मध्यभागी शेगडी असते, कोळशाची किंवा गॅसची. तिच्यावर जाळी किंवा तवा आणि वर धूर ओढून घेणारे नळकांडे. मांस कच्चेच टेबलावर येते. डुकराच्या पोटाकडच्या थरांच्या मांसाला सामग्योप्सल म्हणतात, बरगड्यांना गाल्बी, आणि मसाल्यात मुरवलेल्या पातळ कापांना बुलगोगी. बुलगोगी आणि गाल्बी मूळची गोमांसाची. पण महाराष्ट्रात गाईबरोबर बैलाच्या कत्तलीवरही २०१५ पासून बंदी आहे, त्यामुळे इकडे डुकराच्या व कोंबडीच्या मांसावर भर असतो. मांस चिमट्याने उलटायचे आणि कात्रीने कापायचे. शेगडीभोवती छोट्या छोट्या वाट्यांत किमची, मोड, पालेभाज्या, लोणची मांडलेली असतात, त्यांना बानचान म्हणतात. या वाट्या सगळ्यांच्या मिळून असतात आणि संपल्या की बहुधा पुन्हा भरून मिळतात. सॅलडचे पान तळहातावर घ्यायचे, त्यात मांसाचा तुकडा, लसूण आणि आंबवलेल्या सोयाबीनची चटणी ठेवायची, पुडी करायची आणि ती एका घासात खायची. वडीलधाऱ्याने सुरुवात केल्यावाचून धाकट्याने काडी उचलायची नाही. आपला पेला आपणच भरायचा नाही. भाताच्या वाटीत काड्या उभ्या खोचायच्या नाहीत, कारण तसे मृतांच्या स्मरणविधीत करतात.

आपल्या माणसाला पहिली अडचण येते ती उष्ट्याची. आपल्या पंगतीत प्रत्येकाचे पान वेगळे आणि वाढणारा वेगळा. इथे मात्र एकाच वाटीत चौघांच्या काड्या जातात. दुसरी अडचण मानाची. चाळिशीचा माणूस, चार लोकांत वावरलेला, आणि हातातील काडीतून भाजीचा तुकडा तीनदा निसटतो! अशा वेळी नवखा माणूस दोन पळवाटा शोधतो. एक, सगळे येत असल्याचा आव आणणे. दुसरी, थट्टा करणे. हे काय गवत खातात, हे कसले कच्चे मांस, असे शेजाऱ्याच्या कानात मराठीत पुटपुटणे. वरवर पाहता या दोन्ही वेगळ्या वाटतात, पण मुळाशी अहंकार एकच आहे. मला शिकवणारा कोणी असू शकतो, हे मान्य करायचे नाही.

जरा उलट बाजूने पाहू. थंडीच्या दिवसांत आपल्याकडे शेतावर पोपटी लागते. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी आणि बटाटे भरायचे, तोंड पाल्यानेच बंद करायचे, मडके उपडे ठेवून भोवती जाळ करायचा. त्यात पाणी नाही की तेल नाही. समजा, त्या जाळाभोवती आपण एखाद्या कोरियन पाहुण्याला बोलावले. आपण त्याच्याकडून काय अपेक्षा करू? त्याला भांबुर्डा ओळखता यावा, अशी? मुळीच नाही. शेंग सोलताना त्याने बोट भाजून घेतले तरी आपण हसू आणि त्याला दुसरी शेंग सोलून देऊ. त्याने विचारावे, बसावे, चव घ्यावी, एवढेच आपल्याला हवे असते. पण त्याने पाल्याच्या वासाला नाक मुरडले, किंवा हा तर आमच्याकडचाच साधा प्रकार, असे म्हणून चिमटा आपल्या हातातून काढून घेतला, तर मात्र आपण दुखावू. मग जी अपेक्षा आपण त्याच्याकडून करतो, तीच आपणही त्याच्या शेगडीपाशी पाळायला हवी.

न येणे हा दोष नाही, न विचारणे हा दोष आहे. हमरापूरच्या गणपतीच्या कारखान्यांत हे शहाणपण रोज पाहायला मिळते. नवा मुलगा आला की पहिल्याच दिवशी त्याच्या हाती डोळ्यांची आखणी देत नाहीत. तो आधी मूर्ती घासतो, रंग कालवतो, जुन्या कारागिराचा हात कसा फिरतो ते पाहतो. त्याला त्यात कमीपणा वाटत नाही. हातात पदवी आणि खिशात पगार आल्यावरच माणसाला शिकण्याची लाज का वाटावी?

यजमानाच्या कर्तव्यांविषयी आपण पुष्कळ बोलतो, पाहुण्याच्या कर्तव्यांविषयी फारसे बोलत नाही. जर्मन तत्त्ववेत्ता इमॅन्युएल कांट याने १७९५ साली शाश्वत शांततेवर एक निबंध लिहिला. त्यात तो म्हणतो की पाहुण्याला शत्रूसारखे न वागवणे ही यजमानाची मेहरबानी नाही, तो पाहुण्याचा हक्क आहे. पण लगेच तो या हक्काची सीमाही आखतो. परक्या भूमीला भेट देणे वेगळे आणि ती बळकावणे वेगळे, आणि युरोपातील व्यापारी राष्ट्रांनी या दोहोंत फरक ठेवला नाही, असा ठपका तो ठेवतो. रेवदंडा-कोर्लईच्या आपल्या किनाऱ्याने असे पाहुणे पाहिले आहेत. ताटावरही हेच खरे. येताच दुसऱ्याच्या चुलीवर हुकूम चालवणारा पाहुणा हा पाहुणा राहत नाही.

आता त्या तरुणाच्या प्रश्नाकडे वळू. समोर आलेले सगळे खाल्लेच पाहिजे का? संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात नेमका हाच पेच आला आहे. परधर्मीयाने जेवायला बोलावले आणि जावेसे वाटले तर जा, समोर वाढलेले चौकशा न करता खा, असा त्याचा साधा सल्ला आहे. पण कोणी मुद्दाम सांगितले की हे मूर्तीला वाहिलेले आहे, तर खाऊ नका, आणि तेही त्या सांगणाऱ्याच्या सद्सद्विवेकासाठी. येथे पौल पदार्थाकडे पाहत नाही, शेजारी बसलेल्या माणसाकडे पाहतो. पदार्थापेक्षा माणूस महत्त्वाचा, हे सूत्र हाती धरले की पुढचा मार्ग सोपा होतो.

आमच्या मते नकार तीन प्रकारचे असतात. पहिला शरीराचा. डॉक्टरांनी मनाई केली आहे किंवा एखादा पदार्थ सोसत नाही. दुसरा विवेकाचा. राखेचा बुधवार किंवा गुड फ्रायडे आहे, दारू न पिण्याचा निश्चय आहे, किंवा सोबतचा मुस्लिम सहकारी डुकराचे मांस खात नाही आणि हिंदू सहकारी मांसच खात नाही. हे दोन्ही नकार सन्मानाचे आहेत. ते स्पष्ट शब्दांत, शक्य तर आधी कळवून आणि हसतमुखाने द्यावेत. तिसरा नकार किळसेचा. "शी, हे लोक काय खातात!" हा नकार मात्र तपासून घ्यावा लागतो.

दारूबद्दल दोन शब्द. खात्याने मिळून जेवायला जाण्याच्या पद्धतीला कोरियात ह्वेशिक म्हणतात, आणि तिच्यात सोजू या मद्याचा आग्रह पुष्कळदा होतो. त्या आग्रहाविरुद्ध खुद्द कोरियातील तरुण पिढीच आज बोलू लागली आहे. तेव्हा नम्रपणा म्हणजे प्रत्येक पेला रिता करणे नव्हे. पेला दोन्ही हातांनी घ्यावा, ओठांपाशी न नेता खाली ठेवावा, "मी घेत नाही, पण आपण ओतलेत याचा मान वाटतो" असे सांगावे आणि वरिष्ठांचा पेला मात्र आठवणीने भरावा. पंगतीत बसणे हे सौजन्य आहे, पण पंगतीसाठी आपला विवेक गहाण टाकणे हा लाचारपणा आहे. घरच्यांनीही मुलाला टोमणा मारण्याआधी हा फरक ध्यानात घ्यावा. त्याने काय खाल्ले यापेक्षा तो तिथे कसा वागला, हे विचारावे.

नकाराइतकाच स्वीकारही तपासावा लागतो. खादाडपणा म्हणजे फक्त जास्त खाणे, असे आपण समजतो. संत थॉमस अक्वायनस यांनी पोप संत ग्रेगरी यांच्या आधारे त्याचे पाच प्रकार सांगितले आहेत : वेळेआधी खाणे, महागड्याच पदार्थांचा हव्यास धरणे, अति खाणे, आधाशीपणे खाणे आणि चोचले पुरवत खाणे. या पाचही दोषांची परीक्षा त्या शेगडीपाशी होते. मांस शिजण्याआधी काडी पुढे करणारा, दुसऱ्याने भाजलेला तुकडा पटकन उचलणारा, वाट्या पुन्हा भरून मिळतात म्हणून मागवून तशाच टाकणारा, असे सगळे तिथे दिसतात. उलट चांगली रीतही तिथेच दिसते. एक जण सगळ्यांसाठी भाजत बसतो आणि आपल्या हाताने पुडी करून शेजाऱ्याला भरवतो. आपल्या लग्नघरात जसा घास भरवतात, तसाच हा प्रकार. भूक स्वतःची असते, पण तिला थांबवून ठेवायला शेजारी शिकवतो.

आता तिसऱ्या नकाराकडे, किळसेकडे येऊ. किमचीच्या वासाने आपल्या पुष्कळांना कसेसे होते. ही किमची म्हणजे कोबीसारखी पाने मिठात ठेवून, मिरची, लसूण, आले घालून आंबवतात ती. तिच्यात बहुधा खारवलेली बारीक कोळंबी घालतात, आणि ही कोळंबी आपल्या जवळ्याच्याच जातकुळीतली आहे. म्हणजे ज्या वासाला आपण नाक मुरडतो, त्यात आपल्याच ओळखीचा जवळा आहे! मिरची तर दोघांकडेही पाहुणी म्हणूनच आली. अमेरिकेतून निघालेले हे पीक सोळाव्या-सतराव्या शतकांत आशियाभर पसरले. आज तिच्याशिवाय त्यांचे पान नाही आणि आपलेही नाही.

नाक मुरडलेल्या माणसाला काय वाटते, हे आपल्याला कोणी सांगायला नको. आपल्या किनाऱ्याकडची किती कुटुंबे मुंबईत भाड्याची खोली शोधताना "मासे शिजवणार असाल तर नको" हे ऐकून परतली आहेत! सुक्या बोंबलाचा वास येतो म्हणून जिना चढताना पदर नाकाला लावणारी शेजारीण आपल्याला माहीत आहे. ती जखम ज्याने सोसली, त्याने तीच दुसऱ्याला करू नये.

पण किळस ही केवळ जिभेची गोष्ट नाही. तिच्या आडून माणसे माणसांना हीन ठरवतात. जी कोरियन पंगत आज आपल्याला इतकी मोकळी दिसते, तिच्याच देशात मांस कापणाऱ्यांना शतकानुशतके अस्पृश्यासारखे वागवले गेले. त्यांना बेकजोंग म्हणत. ते गावाबाहेर राहत, रेशीम वापरू शकत नसत, इतरांसारखी टोपी घालू शकत नसत. लहान मूलदेखील त्यांच्यातील म्हाताऱ्याला अरे-तुरे करी. याच बेकजोंगांत १७५७ च्या सुमारास ह्वांग इल-ग्वांग नावाचा एक मनुष्य जन्मला. तो ख्रिस्ती झाला आणि त्याने सिमोन हे नाव घेतले. ख्रिस्ती मंडळींत उच्चकुलीनही होते, पण ते त्याला घरात घेत आणि आपल्या बरोबरीने बसवत. तो म्हणत असे की माझ्यासाठी स्वर्ग दोन आहेत, एक मेल्यानंतरचा आणि दुसरा हा, इथला. श्रद्धेसाठी १८०२ साली त्याला ठार करण्यात आले. पोप फ्रान्सिस यांनी १६ ऑगस्ट २०१४ रोजी सोलमध्ये ज्या १२४ कोरियन रक्तसाक्षींना धन्य घोषित केले, त्यांत हा खाटीकही आहे.

कायद्याने कोरियातील हा भेद १८९४ साली संपला, पण मनातून गेला नाही. शेवटी एप्रिल १९२३ मध्ये जिन्जू शहरात बेकजोंगांच्या हक्कांसाठी संघटना उभी राहिली. तिने आपल्या नावात तराजू घेतला. मांस तोलणाऱ्या त्या तराजूसारखी माणसेही समान तोलली जावीत, हा त्याचा अर्थ. त्याच १९२३ साली मुंबई कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचे ठरले. तो ठराव कागदावरच राहिला म्हणून २० मार्च १९२७ रोजी आपल्याच जिल्ह्यात, महाडला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. दोन दूरचे देश, पण दोन्हीकडे मागणे एकच : आम्हाला तुमच्या बरोबरीने खाऊ-पिऊ द्या.

म्हणून त्या तरुणाला आम्ही सांगितले : जा, बस, विचारून घे, जे चालत नाही ते नम्रपणे नाकार आणि जे चालते ते आनंदाने खा. पण त्याच्याबरोबर आपल्या सगळ्यांपुढेच एक कठीण प्रश्न उरतो. कोरियन साहेबाच्या शेगडीपाशी आपण निमूटपणे बसतो. काड्या धरायला शिकतो. किमचीचा वासही चार दिवसांनी आवडू लागतो. हे सौजन्य आहे की पगाराची ताकद? याची पारख कशी करायची?

पारख घराजवळच होते. आपल्या पेण तालुक्यात कातकरी वाड्या आहेत. दिवाळी झाली की यांतली पुष्कळ कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. शेतातले खेकडे, ओढ्यातले मासे, उंदीर, रानातले कंद हे त्यांचे परंपरेने आलेले अन्न. "ते उंदीर खातात" हे वाक्य आपण कोणत्या सुरात बोलतो, ते एकदा स्वतःच ऐकावे. पुण्यातल्या हॉटेलात कधी न पाहिलेल्या पदार्थाला आपण "त्यांची संस्कृती" म्हणतो, आणि वाडीवरच्या अन्नाला घाण म्हणतो. दोन्ही आपल्याला सारखेच अनोळखी आहेत. फरक इतकाच की एकाच्या हाती आपली नोकरी आहे आणि दुसऱ्याच्या हाती काही नाही. ज्याच्याकडून काही मिळण्यासारखे नाही, त्याच्या ताटावर जो आदर टिकतो, तोच खरा आदर. बाकीचा व्यवहार.

नाताळात आपण वाडीवर धान्य नेतो, कपडे नेतो. ते चांगलेच आहे, ते थांबू नये. पण देणारा नेहमी उभा असतो आणि घेणारा बसलेला. पाहुणा होण्यासाठी मात्र आपल्याला खाली बसावे लागते. शोमरोनी स्त्रीपाशी प्रभू येशू दाता म्हणून नव्हे, तर तहानलेला पांथस्थ म्हणून गेला. ज्यांच्या भांड्याला यहुदी शिवत नसत, त्यांच्याकडे त्याने आधी पाणी मागितले, पुढचे बोलणे त्यानंतर झाले.

येत्या थंडीत आपल्या शेतांवर पोपट्या लागतील. भट्टीवरच्या एखाद्या कुटुंबाला त्या जाळाभोवती अवश्य बोलवा. आणि त्यांनी उलट आपल्याला बोलावले, तर काही कारण न सांगता जा. पाल्याच्या सावलीत बसा. भाकरीबरोबर काय आहे ते विचारा. जे खाता येत नसेल ते सरळ सांगा, आणि जे खाता येईल ते पोटभर खा.